दातांच्या डबीतले शिपाई

मी कवळ्या बनवतो असं सांगितलं की लोक आधी माझ्या दातांकडे बघतात. माझे दात माझेच आहेत आणि फारसे चांगले नाहीत. बावीस वर्षं एका दंतवैद्याच्या लॅबमध्ये काम करतोय. मेणात दात रोवायचे, गुलाबी हिरडी ओतायची, घासून चकचकीत करायचं, की दुसऱ्या कुणाचं तरी हसू तयार. दिवसभर परक्यांची तोंडं, आणि संध्याकाळी माझे शिपाई.

शिपाई म्हणजे प्लास्टिकचे, अंगठ्याएवढे. बारीक कुंचल्यानं रंगवायचे आणि रविवारी क्लबात टेबलावर लढाई मांडायची. माझं वय सत्तेचाळीस. ताई म्हणते, घोडा झालास तरी खेळणी सुटली नाहीत. तिचं लग्न मोडलं तेव्हा ती परत घरी आली आणि माझं जमलंच नाही, म्हणून आम्ही दोघं आणि बाबा असे तिघं एका घरात राहतो. ताई शाळेच्या ग्रंथालयात आहे. पुस्तकं जशी नंबरवारीनं लावते तसं तिनं घरही लावलंय, आणि त्या रांगेत माझा नंबर बराच शेवटी आहे.

क्लबात एक विमा एजंट आहे. प्रत्येक लढाई हरतो म्हणून आम्ही त्याला सरसेनापती म्हणतो. त्यानं मला बारा जुने शिपाई आणून दिले. भिंतीला द्यावेत तसे रंगाचे तीन हात कुणीतरी दिले होते. नाकं बुजलेली, बोटं एकमेकांना चिकटलेली, डोळ्यांच्या जागी नुसती टेकाडं. असा रंग काढायचा म्हणजे धीराचं काम. घाई करून नेलपॉलिश काढायचं पाणी वापरलं तर रंगाबरोबर प्लास्टिकही वितळतं. एकदा मी अख्खी पलटण अशी घालवली आहे. म्हणून स्पिरिट. आयसोप्रोपिल, लॅबमध्ये आम्ही त्याला नुसतं स्पिरिट म्हणतो. त्यात शिपाई चार-सहा तास बुडवून ठेवले की रंग सायीसारखा सुटतो. मग जुना टूथब्रश आणि टोकदार काडी घेऊन बसायचं, आणि खालून चेहरा वर येतो. तो चेहरा वर येताना बघणं हेच माझं सुख, दुसरं काही मागत नाही मी.

हे मी बाबांकडून शिकलो. बाबा चाळीस वर्षं घरं रंगवायचे. जुना रंग खरवडायचा कंटाळा करणाऱ्यानं नव्या रंगाला दोष देऊ नये, असं ते सांगायचे. आता ते काही सांगत नाहीत. तीन वर्षांपूर्वी विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. गेल्या वर्षी त्यांनी एक मेणबत्ती चावून खाल्ली, आणि त्यानंतर दोन महिन्यांनी न्हाणीघरातला साबण. तेव्हा ताईनं फर्मान काढलं. घरात बाटलीतलं काहीही नको. फिनेल नको, थिनर नको, तुझं ते लॅबमधलं पाणीही नको. आपलीच मोरी आणि आंघोळीची चोरी, असं मी पुटपुटलो, पण कबूल झालो. तिला सांगितलं की यापुढे शिपाई फक्त साबणाच्या पाण्यात भिजवीन.

साबणाच्या पाण्यानं असला रंग सात जन्मांत निघत नाही. आठ महिने मी तिच्याशी खोटं बोलत होतो. स्पिरिटची बाटली माझ्या कपाटात, कुलपात. आणि शिपाई भिजवायला लॅबमधून आणलेली कवळी ठेवायची डबी. निळी, झाकणाची, आत उचलायची जाळी. जाळी वर ओढली की बाराही शिपाई निथळत वर येतात, बोटं बुडवावी लागत नाहीत. ही अक्कल कवळ्या बनवणाऱ्यालाच सुचणार, आणि ही चूकही त्याच्याच हातून होणार. कारण बाबांची कवळीही मीच केलेली, आणि ती ठेवायला त्यांनाही तसलीच निळी डबी मीच आणून दिलेली.

माझ्या डबीवर मी जाड मार्करनं लिहिलं होतं, हात लावू नका. वर चिकटपट्टीही लावली होती. स्पिरिट रंग काढतं, शाई काढतं आणि डिंकही काढतं, हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. दर वेळी झाकण उघडताना थेंब ओघळत होते. अक्षरं कधी गेली ते माझ्या लक्षात आलं नाही, इतकंच.

त्या शनिवारी सकाळी मी बेसिनपाशी उभा राहून शिपाई घासत होतो. लॅबमधून फोन आला, कुणाची तरी कवळी तुटली होती आणि त्याला त्याच दिवशी लग्नात भाषण करायचं होतं. डबीत स्पिरिट काठोकाठ भरलं, शिपाई परत जाळीत टाकले, झाकण दाबलं आणि निघालो. डबी कपाटात ठेवायची राहिली. ताईची ग्रंथालयात पुस्तकमोजणी होती. शेजारच्या मावशी अकराला बाबांना जेवण देऊन जायच्या. म्हणजे अकरानंतर घरात बाबा एकटे होते.

अडीचला मी दार उघडलं. बेसिनमध्ये निळी डबी उपडी पडलेली होती. तिच्याभोवती शिपाई, आणि त्यांच्या मधोमध बाबांची कवळी. डबीत थेंबभरही उरलं नव्हतं.

मला आधी काही कळलंच नाही. मग उमगलं. बाबा जेवल्यावर कवळी डबीत टाकतात आणि आडवे होतात. त्यांनी माझी डबी घेतली होती. आणि डबीतलं पाणी, दोनशे मिली, नव्याण्णव टक्के, कुठे गेलं होतं?

बाबा पलंगावर आडवे होते, डोळे अर्धे मिटलेले. मी वाकून त्यांच्या तोंडाचा वास घेतला. स्पिरिटचा वास होता. पण तो वास लॅबमुळे माझ्या हातांना, शर्टाला कायमच असतो. मी पुन्हा वास घेतला. मला ठरवता येईना. मी विचारलं, बाबा, काय प्यायलात? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. त्याचा अर्थ हो की नाही ते मला कळलं नाही.

तेवढ्यात ताई आली. दारातूनच तिला बेसिन दिसलं आणि माझा चेहराही.

"काय होतं त्यात?" तिनं विचारलं.

माझं तोंड उघडलं आणि आठ महिने जे बोलत होतो तेच बाहेर पडलं. "साबणाचं पाणी."

तिनं माझ्याकडे रोखून बघितलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं होतं, पण तिला ते दिसलं की नाही कोण जाणे. आणि मग पलंगावरून बाबा बोलले. तीन दिवसांत त्यांनी एक सबंध वाक्य उच्चारलं नव्हतं.

"साबणाचंच होतं," ते म्हणाले. "त्याला काही बोलू नकोस."

ताईचा जीव भांड्यात पडला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना तिनं फोन लावला आणि सांगितलं, साबणाचं पाणी, कपभर असेल. ते म्हणाले घाबरू नका, थोडं थोडं पाणी पाजा, फेस आला तर कुशीवर वळवा. तिनं पाण्याचा पेला भरला, बाबांना टेकवून बसवलं. मी भिंतीला पाठ लावून उभा होतो. आता बोलावं, आता बोलावं असं म्हणत होतो आणि प्रत्येक क्षणाला ते बोलणं जास्त कठीण होत होतं. आधी बोललो असतो तर मी फक्त निष्काळजी ठरलो असतो. आता मी कोण ठरणार होतो ते मला माहीत होतं.

काहीतरी करायचं म्हणून मी बेसिनमधले शिपाई उचलायला गेलो. अकरा होते. मी पुन्हा मोजले. अकराच. बेसिनच्या भोकाला जाळी आहे, तिच्यातून शिपाई जाणं शक्य नव्हतं. बारावा बाबांनी गिळला की काय? मग मी कवळी उचलली आणि उजेडात धरली. गुलाबी हिरडीवर पांढऱ्या बारीक रेषांचं जाळं पसरलं होतं. कवळी स्पिरिटमध्ये राहिली की तिला अशा भेगा पडतात, पण लगेच पडत नाहीत. इतक्या पडायला तास-दोन तास लागले असणार. म्हणजे कवळी बराच वेळ डबीत होती, आणि डबी रिकामी झाली ती नंतर. थोड्या वेळापूर्वीच. म्हणजे जे व्हायचं ते अजून व्हायचं होतं.

मागे ताई म्हणाली, "बाबा, डोळे उघडा. बाबा, अहो, इकडे बघा." तिचा आवाज बदलला होता. बाबांची मान तिच्या खांद्यावर कलली होती आणि त्यांची जीभ जड झाली होती. ते काहीतरी म्हणत होते पण शब्द एकमेकांत मिसळत होते. ओठांवरून पाणी गळत होतं.

तेव्हा मी बोललो. किती वेळ गेला होता ते नंतर फोनमधल्या वेळेवरून कळलं: अठरा मिनिटं.

"ताई, साबण नव्हता. स्पिरिट होतं. लॅबमधलं."

ती ओरडेल, मारेल असं मला वाटलं होतं. ती मारती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "किती?" मी सांगितलं. तिनं पेला खाली ठेवला आणि म्हणाली, बाटली घे, टॅक्सी बोलाव.

टॅक्सीत बाबा आमच्या दोघांच्या मध्ये होते. मी त्यांची छाती वरखाली होताना बघत होतो. एक श्वास गेला की पुढचा येईपर्यंत माझा थांबायचा. प्रत्येक सिग्नलला आपणच उतरून धावत सुटावं असं वाटत होतं. आयुष्यात मी पुष्कळदा घाबरलो असेन, पण ती भीती निराळी होती. ती बाहेरून आलेली नव्हती, मीच ती बाटलीत भरून, झाकण लावून, घरात आणून ठेवली होती. ताई माझ्याकडे बघत नव्हती. एकदाच बोलली, तेही खिडकीकडे तोंड करून. म्हणाली, "विषाची परीक्षा घ्यायला तुला बापच मिळाला का रे?"

इस्पितळात तातडीच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीण होती, केस वर बांधलेले, आवाज शांत. तिनं बाटली वाचली आणि एकामागून एक प्रश्न विचारले. किती टक्के, किती मिली, कधी, उलटी झाली का, करवलीत का, आणखी कोणती औषधं. कधी याचं उत्तर देताना मी खिशातून कवळी काढली आणि तिला भेगा दाखवल्या. तिनं कपाळाला आठ्या घालून कवळीकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. पण ऐकून घेतलं.

"दीडनंतर कधीतरी, असं म्हणताय."

"हो."

"मग साडेतीनला का आणलंत? घरी अडीचला पोचलात ना?"

ताई शेजारी उभी होती. मी म्हटलं, "मी खोटं बोललो. साबणाचं पाणी आहे म्हणून सांगितलं." डॉक्टरणीनं ते लिहून घेतलं. कागदावर ते कसं दिसत असेल याचा विचार मी अजूनही करतो.

तिनं सांगितलं की पोट धुवून आता उपयोग नाही, हे फार लवकर रक्तात जातं. सलाइन लावू, साखर बघत राहू, श्वासावर लक्ष ठेवू. श्वास मंदावला तर नळी घालावी लागेल, आणि या वयात नळी घातलेला माणूस पुन्हा सुटा होईलच असं ती सांगू शकत नव्हती. मी बाराव्या शिपायाचं सांगितलं. गिळला असेल तर एक्स-रेत दिसेल का? तिनं विचारलं, कशाचा आहे? प्लास्टिकचा म्हटल्यावर तिनं मान हलवली. प्लास्टिक दिसत नाही. जुन्या काळी असले शिपाई शिशाचे असायचे. शिशाचा असता तर दिसला असता. विष तरी दिसणारं ठेवायला हवं होतं मी, असा काहीतरी वेडा विचार माझ्या डोक्यात आला.

पडद्याबाहेर लोखंडी बाकावर आम्ही बसलो. ताईनं शेजारच्या मावशींना फोन केला आणि बेसिनच्या आसपास शोधायला सांगितलं. त्या गुडघ्यांच्या दुखण्यानं जिना चढताना रोज देवाला शिव्या देतात, पण अर्ध्या तासानं फोन आला की त्यांनी जमिनीवर लोळून शोधलं आणि बेसिनखालच्या पायपुसण्याच्या घडीत एक करडा माणूस सापडला. ताईनं डोळे मिटले. मलाही थोडा श्वास घेता आला. पण थोडाच. आता फक्त दोनशे मिली उरले होते.

पडद्याआड यंत्राची टिकटिक चालू होती. ती मध्येच बदलली की आम्ही दोघं एकदम उठायचो आणि परिचारिका हातानंच बसा म्हणायची. ताईनं मला विचारलं, आठ महिने रोज? मी म्हटलं, रोज नाही. तिनं विचारलं, कशासाठी? काय सांगणार होतो? चेहरा वर येताना बघायला म्हणून? मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली की तिला रात्री झोप लागत नाही, बाबांनी काही तोंडात घातलं तर काय म्हणून ती तीनदा उठते, आणि हे सगळं माझ्या कपाटात होतं. ती रडत नव्हती. हिशेब समजावून सांगावा तसं सांगत होती, म्हणून ऐकवत नव्हतं.

सात वाजले. डॉक्टरीण दोनदा येऊन गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली की श्वास ठीक चाललाय, गुंगीही उतरतेय. सगळी डबी प्यायले असते तर एव्हाना चित्र वेगळं असतं. एखादा घोट गेला असावा, फार तर दोन. रात्रभर इथेच ठेवू, पण नळीची वेळ येईल असं वाटत नाही. ताईनं तिचा हात धरला. मी काही धरलं नाही. मी तिथेच जमिनीवर बसलो.

मग बाकीचं कुठे गेलं, असं मी मूर्खासारखं विचारलं. ते तुम्हीच सांगा, असं म्हणून ती गेली.

आत गेलो तेव्हा बाबांचे डोळे उघडे होते. दात नसल्यामुळे गाल आत गेलेले. ते छताकडे बघत होते, मग ताईकडे, मग माझ्याकडे. ताईकडे बघताना ओळख नव्हती. माझ्याकडे बघताना होती, पण ती आजची नव्हती. त्यांनी सलाइन लावलेल्या हाताचं एक बोट हलवलं. मी जवळ गेलो. आणखी जवळ ये, असं बोट म्हणालं. मी खाली वाकलो.

"तोंड उघड," ते म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी पुन्हा म्हटलं, आणि लहानपणी रागावल्यावर यायचा तो आवाज होता. मी तोंड उघडलं. त्यांनी मान कशीबशी उचलली आणि माझ्या तोंडाचा वास घेतला. त्यांचे डोळे घाबरलेले होते. दुपारभर माझे जसे होते तसे.

"तू नाही ना प्यायलास, बारक्या?"

"नाही बाबा."

"थिनर आहे ते. मी चाखून बघितलं." ते थांबले, दमले. "दिसायला पाण्यासारखं. तू पिशील म्हणून सगळं ओतून टाकलं. आणि तुझी ती खेळणी टाकली नाहीत हां मी. ती ठेवलीत."

माझ्या मागे पलंगाच्या पायथ्याशी ताई उभी होती. बाबांनी तिच्याकडे एक चोरटी नजर टाकली आणि आवाज अगदी खाली आणला.

"तिला मी साबणाचं पाणी म्हणून सांगितलंय. तू काही बोलू नकोस. मार खाशील उगाच."

मी म्हटलं, नाही बोलणार. त्यांनी माझी हनुवटी दोन बोटांत धरली. त्या बोटांना अजून स्पिरिटचा वास येत होता. माझ्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता. त्यांनी मला पुन्हा तोंड उघडायला सांगितलं, आणि मी उघडलं.